बदलायचा शब्द

आमच्या मार्थाला लोक हट्टी म्हणतात. आहेच मुळी हट्टी! मी तिची नणंद, एका घरात राहून सोसलंय मी सगळं. मला कोण सांगणार?

आमच्या निर्मळ गावाच्या आतल्या वाड्यांत कुणी नेट द्यायला तयार नव्हतं. शेवटी तिनेच शेजारपाजार गोळा करून गावाचं नेट उभं केलं. केळीच्या बागांमधून वायरी, खांबांवर घरोघर नेट वाटणाऱ्या स्विचच्या पेट्या. प्रत्येक पेटीत एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम, आणि आमच्या ओटीवरच्या कॉम्प्युटरात मॅनेजर. मॅनेजर सारखा पेट्यांना विचारत असतो, बरं आहे ना? एजंट उत्तर देतो. काही बिघडलं तर मात्र तो विचारायची वाट बघत नाही, आपणहून बोंब मारतो. तिला म्हणायचं ट्रॅप. ती थेट मार्थाच्या मोबाईलवर येते.

खरी गोम पुढेच आहे. या पेट्यांना परवलीचे शब्द दोन. एकाने नुसतं बघता येतं. दुसऱ्याने बदलता येतं, म्हणजे कुणाचं नेट चालू ठेवायचं, कुणाचं बंद, सगळं. तो फक्त मार्थाकडे.

यंदा बाहेरून लाईन देणाऱ्या कंपनीने तोच मागितला. नाहीतर म्हणे लाईन तोडू. पलीकडच्या गावाने मुकाट्याने दिला, तर महागडा पॅक न घेणाऱ्यांची नेटं परस्पर बंद! मार्थाने त्यांना बघायचा शब्द दिला. "खुशाल बघा, हात लावायचा नाही."

मग रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तिथल्याच हॉलमध्ये सभा. कंपनीचे साहेब अगदी गोड बोलत होते.

"मार्थाताई, आम्हाला फक्त देखरेख करायची आहे. बदल कोण करतंय?"

"देऊन टाक गं बाय," शेजारचे फर्डिनंड अंकल म्हणाले. "उगाच वैर कशाला?"

लोक माना डोलावू लागले. खरं सांगते, मीही डोलावली. माझा मुलगा घरूनच काम करतो, लाईन गेली तर त्याची नोकरी जायची.

तेवढ्यात मार्थाचा मोबाईल वाजला. पाठोपाठ पुन्हा. तिने वाचलं आणि साहेबांसमोर धरला.

"देवळाजवळच्या पेटीचा ट्रॅप आहे. कुणीतरी चुकीचे शब्द टाकून आत शिरायला बघतंय. पत्ता तुमच्या ऑफिसचा. बघायचा शब्द तर मी दिलाय ना तुम्हाला? मग हा मेला बदलायचा शब्द चाचपतोय की काय?"

फर्डिनंड अंकल ताडकन उठले, "काय हो साहेब?"

साहेबांचा चेहरा उतरला, पण तोंड काही बंद होईना. "असं असेल तर लाईन तोडावी लागेल."

"तोडा की!" मार्था म्हणाली. "दुसरी मिळेपर्यंत नेटशिवाय राहू, आधीही राहिलोय. आणि बघायचा शब्दसुद्धा आजच बदलते. तोडलीत की कळवायची तसदी घेऊ नका. माझी पेटी सांगेल मला."

पहिली टाळी मी वाजवली.