‘घ’ म्हणजे घरचा

वह्या-रजिस्टरं बांधणं हा त्याचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत वह्या दाबायचा लोखंडी शिकंजा, खळीचा डबा आणि पुठ्ठ्यांची चळत. पण सगळे त्याला यादीमामा म्हणत, ते मतदारयादीमुळे. सव्वीस वर्षं पक्षाची यादी तोच फुकट बांधायचा आणि प्रत्येक नावापुढे शिसपेन्सिलीनं खूण करायचा. ‘घ’ म्हणजे घरचा, डोळे मिटून आपल्याला मत देणारा. ‘प’ म्हणजे परका. ‘का’ म्हणजे काठावरचा.

खुणा त्यानंच काढलेल्या आणि नियमही त्याचेच. “परक्यापुढे डोकं फोडायचं नाही, घरच्यासाठी वेळ दवडायचा नाही. जे काय द्यायचं-करायचं ते काठावरच्याला.” दुसरा नियम असा, की चार वाजेपर्यंत घरचा आला नाही, तर त्याच्या नावावर दुसरा माणूस आत पाठवायचा. पक्कं मत वाया जाता कामा नये.

एकदा एक म्हातारी पाय ओढत पाच वाजता मतदान केंद्रावर आली. यादीमामा दारातल्या पक्षाच्या टेबलाशी बसला होता. “आजी, तुमचं मत केव्हाच पोचलं. पाय कशाला झिजवलेत?” असं तो म्हणाला आणि टेबलाभोवतीचे सगळे खो खो हसले. म्हातारी आली तशी पाय ओढत परत गेली. पुढे ही गोष्ट तो चहाबरोबर रंगवून सांगे.

या वर्षी रस्ता रुंद व्हायचा ठरला. मोजणीवाल्यांनी समोरच्या शिंप्याच्या दुकानावर लाल रेघ मारली. शिंपी म्हणजे पक्का काठावरचा. दर निवडणुकीला “यंदा बघू” म्हणायचा आणि त्या दोन शब्दांवर त्यानं दारात नळ आणला, दिवा आणला, मेव्हण्याला नोकरी लावली. रेघ पडल्यावरही तो एवढंच म्हणाला, “यंदा बघू.” आठ दिवसांत त्याच्या भिंतीवरची रेघ पुसली गेली आणि अलीकडे आली. यादीमामाच्या पुढच्या खोलीतून, बरोबर शिकंज्यावरून.

यादीमामा पक्षाच्या कचेरीत गेला. सचिवाला यादी वाचायला त्यानंच शिकवलं होतं.

“या यादीमामा, बसा. घरचंच आहे.”

“घरच निम्मं चाललंय. ती खोली गेली तर मी शिकंजा काय डोक्यावर घेऊन फिरू?”

“रस्ता कुठल्या तरी बाजूनं वाढणारच ना? शिंप्याच्या घरात सात मतं, सातही काठावर.”

“आणि माझी?”

सचिवानं यादी उघडली. बांधणी यादीमामाची, अक्षरही त्याचंच. स्वतःच्या आणि बायकोच्या नावापुढे त्यानं मोठ्या अभिमानानं दोन टपोरे ‘घ’ काढले होते. यादीमामानं खिशातली पेन्सिल काढली, दोन्ही ‘घ’ खोडून ‘का’ लिहिलं. सचिव हसला. टेबलावरचा खोडरबर घेऊन त्यानं ते सावकाश पुसलं, फुंकर मारली आणि पुन्हा ‘घ’ काढले.

“तुम्ही कुठं जाणार, मामा? घरच्याला शेवटी वाढतात. पंगत उठली तरी तो भांडत नाही.”

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, “यंदा आपण दोघं त्यांच्या विरोधात.”

“सव्वीस वर्षांनी उजाडलं म्हणायचं,” ती म्हणाली.

खोली पाडायचा दिवस मतदानाच्या दुसऱ्याच दिवशीचा निघाला. त्यामुळे मतदानाच्या सकाळी आधी शिकंजा हलवणं आलं. दोघांनी तो सोडवून एकेक भाग स्वयंपाकघरात नेला. चूल कोपऱ्यात सरकली, ओटा पुठ्ठ्यांखाली गेला. बायको दोनदा म्हणाली, “आधी मत देऊन येऊ.” तो म्हणाला, “मत कुठं पळतंय?” हात धुऊन ते केंद्रावर पोचले, तेव्हा पावणेपाच झाले होते.

आतल्या कारकुनानं बोट यादीवरून खाली नेलं आणि थांबवलं. “हे नाव झालंय.”

यादीमामानं वाकून पाहिलं. लाखभर नावांपुढे ज्यानं मोत्यासारख्या अक्षरात खुणा केल्या, त्याच्या नावापुढे अंगठा उठवलेला होता. बायकोच्या नावापुढेही तसाच. अंगठा बहुधा एकाचाच.

“हा माझा अंगठा नाही. मला लिहिता येतं!” तो ओरडला.

“तक्रार असेल तर बाहेर. मागे रांग आहे.”

दारातल्या टेबलाशी, त्याच्या नेहमीच्या खुर्चीत, सचिव बसला होता. “चार वाजून गेले, मामा. तुमचं मत केव्हाच पोचलं. पाय कशाला झिजवलेत?”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. गोष्ट त्यांनी त्याच्याच तोंडून कितीदा तरी ऐकली होती.

तो बोटाकडे बघत उभा राहिला. कोरडं, शाई न लागलेलं बोट.

“चला,” बायको म्हणाली. “बोट काही काळं झालं नाही तुमचं. तोंड झालं, तेवढं पुरे.”