गोधडीतला लाल तुकडा

शेजारच्या सखूमावशी अंगणात गोधडी शिवत होत्या. निळ्या-करड्या तुकड्यांत त्यांनी एकच लाल तुकडा जोडला आणि माझी नजर तिथून हलेना. वीस वर्षं मी चित्रकलेच्या वर्गात पट्टी धरून सुवर्ण गुणोत्तर, म्हणजे डोळ्यांना सुखावणारी विभागणी, शिकवतोय. मावशी पाणी प्यायला आत गेल्या, तेव्हा मी गुपचूप मोजलं. लांबी त्या गुणोत्तरात जिथं विभागते, तुकडा नेमका तिथंच होता.

त्या परतल्यावर मी विचारलं, "हा इथंच का लावला?"

"दुसरीकडं त्याला करमलं नसतं," सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या.

माझ्या पोटात दुखलं. माझ्या एकाही चित्रात रंग असा रमलेला नाही.

"कशी झालीय?" मावशींनी विचारलं.

"बरी आहे," मी म्हणालो. त्याहून मोठा शब्द तोंडातून निघालाच नाही.