रुखवतातले पायमोजे

लग्न ठरलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. साठ-एकसष्टचा हिवाळा असेल. बोरी अरबमध्ये तेव्हा कुठल्याही मुलीच्या रुखवतात भरतकामाचे रुमाल आणि मण्यांचं तोरण असायचंच. मला काहीतरी वेगळं मांडायचं होतं. शेजारच्या चाची स्वेटर आणि टोपडी विणायच्या. त्यांच्या पेटीत हिरव्या पोपटांची नक्षी असलेला एकच पायमोजा होता, जोडीतला दुसरा कधीच हरवलेला. तो पाहिला आणि नवऱ्या मुलासाठी तसा जोड विणायचं मी ठरवून टाकलं.

चाचींनी आधीच बजावलं की स्वेटर दोन सुयांवर होतो, मोज्याला चार लागतात आणि त्यांना दोन्हीकडे टोक हवं. तशा सुया आमच्या बाजारात मिळेनात. चाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी जुन्या चाकाच्या चार तारा कापल्या आणि टोकं कानशीनं घासून दिली.

मग मापाचं अडलं. नवऱ्या मुलाला मी एकदाच पाहिलं होतं. माझी मान खाली घातलेली, त्यामुळे पाय तरी दिसायला हवे होते, पण त्यांनी बूट घातले होते. चाची म्हणाल्या, पुरुषाचा पाय तो पुरुषाचा पाय, आणि चाचांच्या तळपायाला दोरा लावून माप घेतलं. बिचारे जेवता जेवता निमूट पाय पुढे करून बसले.

घोट्यापर्यंतची नळी सरसर झाली. टाच वळवताना मात्र टाके गळायचे. तिसऱ्यांदा सगळं उसवावं लागलं तेव्हा मी रडायलाच बसले.

"रडतं कायले, बेटी?" चाची म्हणाल्या. "उसवली लोकर काही सडत नाही. पुन्हा विन."

पुन्हा विणली. दुसऱ्या मोज्यावरच्या पोपटांच्या चोची जरा लांबल्या, ते कावळ्यांसारखे दिसू लागले. पण तोवर लग्न तोंडावर आलं होतं.

वैशाखातलं लग्न, वणीकडचं वऱ्हाड. घामानं निथळत बायका रुखवत पाहायला आल्या आणि लोकरीचे मोजे पाहून एकमेकींना कोपर मारू लागल्या. मित्रांनी आग्रह करून नवरदेवाला मोजे चढवायला लावले. मोजे इतके मोठे की त्यांची टाच पार घोट्याच्या वर गेली. मांडवात हशा पिकला. मी दाराआड उभी होते. कुठे तोंड लपवू असं झालं.

तेवढ्यात सासरे पुढे आले. धिप्पाड माणूस, जन्मात कधी मोजे न घातलेला. सतरंजीवर बसून त्यांनी मुलाकडून ते मागून घेतले, सावकाश पायात चढवले आणि पाय लांब करून पाहिले. अगदी बेताचे बसले होते.

"हे त माह्याच मापाचे हायेत," ते म्हणाले. "आता मी देत नाही कोनाले."

पंगत उठेपर्यंत त्यांनी ते काढले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या हिवाळ्यात ते वणीच्या बाजाराला मोज्यांवर वहाणा घालून जायचे, कोणी विचारलं तर सुनेनं केले म्हणून सांगायचे. अंगठ्यापाशी भोक पडलं की मी रफू करून द्यायची. सासूबाई माझ्याशी तोवर कामापुरतंच बोलायच्या. एका दुपारी त्या लोकरीचा गुंडा घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मले शिकवशीन का?"