ध्रुपद कोण धरणार?

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या काकूचे. घोडेगावच्या अलीकडं आमची वस्ती. आईवडील दिवसभर रानात, म्हणून मी काकूजवळ वाढलो. मला शाळेत धाडलं तिनं. घरातला पहिला पदवीधर झालो तेव्हा देवापुढं अभंग म्हटला तोही तिनंच, स्वतः रचलेला.

अभंग बांधायला मला तिनं शिकवलं. भाकरी थापून झाल्या की बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायची. सहा, सहा, सहा, मग चार. "देवापुढं रडायचं ते बी मापात," ती म्हणायची. "न्हाईतर नुसतं वाहून जातं. त्याच्यापशी काय पोचत न्हाई."

नोकरीमुळे नगरला, सावेडीत राहायला आलो. लग्न झालं. सकाळच्या पूजेला मी अभंग म्हणायचो आणि बायको स्वयंपाकघरातून ध्रुपद धरायची. ध्रुपद म्हणजे दुसरं कडवं. प्रत्येक कडव्यानंतर इतरांनी ते परत म्हणायचं असतं. ती ते कुकरच्या शिट्ट्या मोजत म्हणायची. शिट्ट्या पुऱ्या झाल्या की ध्रुपद अर्ध्यात टाकून गॅस बंद करायची आणि नेमक्या सुरावर परत यायची.

मागच्या वर्षी ती गेली. दहाव्याला, तेराव्याला माणसं आली, बोलली, गेली. मला रडू आलं नाही. पूजेला बसलो की पहिलं कडवं म्हणायचो आणि सवयीनं थांबायचो. आतून काहीच यायचं नाही. मग तसाच उठायचो. पुढं पुढं म्हणणंच सुटलं.

एकदा काकूचा फोन आला. "अभंग म्हनतो का न्हाई रं?"

"ध्रुपद धरायला कोण आहे इथं, काकू?"

"मंग देव काय झोपलाय व्हय?"

"देव धरत नाही गं."

ती हसली.

"तिच्यावर बांध कायतरी," ती म्हणाली. "पन मापात. आन् लिहून धाड, माझी सून वाचून दावंल. ह्या मोबाईलवर मला निम्मं ऐकू येत न्हाई."

कितीतरी दिवस पेरं मोजत बसलो. सहा अक्षरं जुळायची, पण शेवटच्या चारांत काहीच मावायचं नाही. जेव्हा मावलं, तेव्हा पहिल्यांदा रडलो. मग काकूला हे पत्र पाठवलं.

काकू,

अभंग झाला. सूनबाईकडून वाचून घे.

तुळशीला पाणी । आता मी घालतो ।
थोडे सांडवतो । रोज रोज ॥

कुकरची शिट्टी । मोजतो मी आता ।
विसरतो गाता । मधेच ती ॥

म्हणे हा एकला । विठ्ठला तू थांब ।
सूर आहे लांब । येऊ दे तो ॥

दुसरं कडवं ध्रुपद आहे. ते मला एकट्याला अजून म्हणवत नाही. सकाळी आंघोळ करून तू देव्हाऱ्यापुढं बसतेस, तेव्हाच मीही इथं बसेन. पहिलं कडवं म्हणेन आणि थांबेन. तिथून तू धर. मला ऐकू येणार नाही, पण तुझं म्हणून होईल तेवढा वेळ मी गप्प बसेन. मग पुढचं म्हणेन.