व्याह्यांबरोबर बिअरची बादली

वॉर्डावर माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. नवा डॉक्टर हात न धुता पेशंटजवळ गेला तर मी त्याला तिथल्या तिथे झापते. अशी मी, लीड्समधल्या एका होमब्रूच्या, म्हणजे घरी बिअर बनवायचं सामान विकणाऱ्या, दुकानात उभी होते आणि माझ्या तोंडातून 'लव्हली'पलीकडे शब्द फुटत नव्हता.

कारण शेजारी ट्रॉली ढकलत होते माझे होणारे व्याही. आणि ट्रॉलीच्या दुसऱ्या बाजूला माझी लेक, जमिनीकडे बघत.

लेकीचं लग्न ठरलंय इथल्याच एका गोऱ्या मुलाशी. मुलगा सोन्यासारखा, त्यात शंका नाही. त्याचे वडील एकटे, नुकतेच रिटायर झालेले, रिकामा वेळ त्यांना खायला उठलेला. त्यांनी संडे लंचला जाहीर करून टाकलं की लग्नातली बिअर आपण घरी बनवायची, त्यांनी आणि मी मिळून! त्यांनी जन्मात कधी बनवली नव्हती, मीही नाही, म्हणून तर खरी मजा, म्हणे. टेबलावर टाळ्या पडल्या. मी लेकीकडे पाहिलं, तर ती काट्याने बटाटा ढकलत बसलेली.

आता मी रोज सकाळी पंचशील म्हणणारी बाई. पाचवं शील दारू न घेण्याचं. एवढं जरी सांगितलं असतं तरी त्या भल्या माणसाने दहादा सॉरी म्हटलं असतं. पण जीभच रेटेना. मुलीची आई पडले ना! विहारात वरपक्षाच्या मानपानाविरुद्ध तावातावाने भाषणं ठोकणारी मीच, आणि व्याह्यांनी एक शब्द टाकला की माझीच मान आपोआप हलते. त्या बिचाऱ्याला वरपक्ष म्हणजे काय हेही ठाऊक नाही. स्वतःचाच इतका राग आला होता की काय सांगू.

आणि खरं कारण वेगळंच होतं. शीलाचं सांगितलं की पुढचा प्रश्न येणारच, मग मुलीचे बाबाही घेत नसतील? लेकीने त्या घरात सांगून ठेवलं होतं की बाबा हार्टने गेले. ते हार्टने गेले नाहीत. दारूने गेले. दिरांनी नागपूरहून फोनवरच ठरवून टाकलं होतं, "वहिनी, सगळ्यांना हार्टच सांगायचं." लेक तेव्हा प्रायमरी स्कूलमध्ये होती. तेव्हापासून ती शाळेत, युनिव्हर्सिटीत, सगळीकडे तेच सांगत आली. आता लग्नाच्या तोंडावर मी काही बोलून गेले, आणि तिच्या संसारात मिठाचा खडा पडला, तर? दारुड्याची पोर म्हणून त्या घरात तिच्याकडे कुणी बघू नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून गुपचूप कोट चढवला आणि गाडीत बसले.

दुकानातला दाढीवाला मुलगा भारी उत्साही. पहिल्यांदाच करताय म्हटल्यावर तर त्याला चेवच चढला. आधी झाकणाची मोठी पांढरी बादली काढली. मग त्या झाकणाच्या भोकात बसवायची एक वाकडी नळी. तिच्यात थोडं पाणी भरायचं, म्हणजे आतला वायू बुडबुडत बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. नसली तर झाकण उडतं, तो म्हणाला. माझ्याही डोक्याला एक बसवून द्या, असं अगदी ओठांवर आलं होतं.

मग काकवीसारख्या दाट माल्टचा डबा, यीस्टची पुडी, बिअर किती चढणार ते सांगणारा काचेचा मापक. व्याही प्रत्येक वस्तू माझ्यासमोर धरायचे, "हे घेऊ या ना?" मी म्हणायची, लव्हली. निर्जंतुक करायच्या पावडरीपाशी मात्र माझ्यातली नर्स जागी झाली. दोनपैकी कुठली घ्यावी, बादली कशी भिजवावी, हात कसे धुवावेत, सगळं मीच त्या पोराला सुनावलं. व्याही खूश! "मला अगदी योग्य पार्टनर मिळाली," ते म्हणाले. घ्या! आगीतून फुफाट्यात.

शेवटी रिकाम्या बाटल्या आल्या, तपकिरी काचेच्या. व्याह्यांनी त्या घरून आणलेल्या कापडी पिशवीत भरल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या. मी गळ्यातला स्कार्फ काढला आणि दर दोन बाटल्यांच्या मध्ये त्याची घडी सरकवत गेले. पिशवी उचलून हलवून पाहिली. आवाज बंद.

"वा!" व्याही हसले. "तुम्ही तर हे आधी केलेलं दिसतंय."

केलं होतंच. माझ्या नोकरीवर नवरा इकडे आला, त्याला मनासारखं काम मिळालं नाही, आणि घरात बसून बसून तो पुरता बाटलीत बुडाला. दुकानात जायची त्याला लाज वाटायची, म्हणून ड्यूटीवरून येताना मीच आणायची. नाही आणली की घरात भांडी फुटायची, पोर दचकून उठायची. जिना चढताना तिला कळू नये म्हणून बाटल्यांच्या मधे टॉवेल कोंबायची. ते सगळं विसरले असं मी समजत होते, पण हात कुठले विसरायला!

मी वर पाहिलं. लेक पिशवीकडे बघत होती. चेहरा पांढराफटक.

"माझे बाबा हार्टने नाही गेले," ती व्याह्यांना इंग्लिशमध्ये म्हणाली. "दारू पिऊन गेले. मी तुमच्याशी खोटं बोलले."

दाढीवाला पोरगा आत काहीतरी शोधायला निघून गेला. व्याही लालेलाल झाले. मग त्यांनी माझ्या हातातून पिशवी काढून घेतली आणि पिशवीतली, ट्रॉलीतली एकेक वस्तू परत फळीवर ठेवू लागले, चुकीच्या जागी. माल्टच्या जागी यीस्ट, यीस्टच्या जागी मापक. "आय अ‍ॅम सो सॉरी, लव्ह," एवढंच ते लेकीला म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला. मग माझा स्कार्फ नीट घडी करून मला दिला.

ते ट्रॉली ठेवायला गेले तेव्हा आम्ही दोघी गाडीत मागे बसलो होतो. माझा जीव अजून थाऱ्यावर नव्हता.

"अगं, कशाला सांगितलंस?" मी म्हटलं. "केली असती मी ती बिअर. कुणाला काही कळूसुद्धा दिलं नसतं."

तिने माझा हात धरला. इथेच जन्मलेली, तिचं मराठी मोडकंतोडकं, घरात माझ्याशी बोलण्यापुरतं.

"टॉवेल घातली तरी मला ऐकू यायचं, आई," ती म्हणाली. "रोज ऐकू यायचं."