टाचेला विचारून पाणी

ओल्शिनेक गावच्या मोटरसायकल क्लबचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्यात अध्यक्ष येतील, खेळाडू येतील. पेलाग्याबाईंचं नाव येईल ते एकाच रविवारासाठी, आणि तेही शिव्यांसकट. हा शुद्ध अन्याय आहे.

क्लबची शर्यतीची धावपट्टी मुळात त्यांच्या वडिलांच्या हातची. युद्ध संपल्यावर गावकऱ्यांनी साखर कारखान्याच्या भट्टीतली काळी जळकी खडी हातगाड्यांनी वाहून आणली आणि भट्टीवरच कामाला असलेल्या वडिलांनी ती लंबगोल अंथरली. चौघांनी कायम डावीकडे वळत चार फेऱ्या मारायच्या, आणि गाडीला ब्रेकच नाही. असल्या खेळात सगळा भरवसा जमिनीवर. सहा वर्षांच्या पेलाला ते सांगायचे, "टाच दाब. ठशात पाणी चढलं तर जास्त झालं, कड ढासळली तर कमी. माणसांना विचारू नकोस, टाचेला विचार."

वडिलांमागून ट्रॅक्टर आणि पाण्याची टाकी पेलाबाईंकडे आली. ट्रॅक्टरवर बाई बघून पाहुणी पोरं दात काढायची. पहिल्या वळणावर त्यांचं हसू जिरायचं.

मग तो रविवार उजाडला. जिंकलो तर साखळीत राहणार, नाहीतर खालच्या गटात. आपल्या पोरांना ओली, जड जमीन मानवते म्हणून बाईंनी पोटच्या मायेनं एक टाकी जास्त ओतली. त्या दिवशी टाचेला विचारलंच नाही. दुसऱ्या वळणावर चिखल झाला, त्यात पंचांचा बूट रुतून बसला आणि सामना पाहुण्यांना बहाल झाला. चाळीस-शून्य, न खेळताच. लोक हातात पेन्सिल आणि शर्यतींचे निकाल लिहायचं कोरं पत्रक घेऊन तसेच घरी गेले. हिवाळ्यात क्लब बंद पडला. बाईंनी आपलं कोरं पत्रक कपाटात ठेवलं.

पुढची अठरा वर्षं पाववाल्या रायमुंडनं त्यांना सोडलं नाही. दुकानात पाय टाकला की सगळ्यांसमोर हाक यायची, "पेलाबाई, पाणी! पाव भिजवून देऊ की कोराच?" दुकान खिदळायचं. बाईही हसायच्या, राय धान्याचा काळा पाव काखोटीला मारायच्या आणि घरी येऊन रडायच्या.

क्लब पुन्हा उभा केला तो रायमुंडच्याच मुलीनं, कालिनानं. शाळेत खेळ शिकवायची ती. वसंतात ती बाईंच्या दारात आली.

"बापानं पाठवलं का थट्टा करायला?"

"बाबांना कळलं तर मला पावाबरोबर भट्टीत घालतील."

"मग कशाला आलीस?"

"खडी नवी मिळते हो. टाच कुठून आणू?"

ऑगस्टमधला पहिला सामना. ऊन असं की कठडा हाताला चटके देत होता. सगळं गाव लोटलं होतं, भाजलेलं सॉसेज आणि पेन्सिली घेऊन. आणि पेलाबाईंनी घाबरत घाबरत जेमतेम अर्धी टाकी शिंपडली होती. त्यापुढे हातच धजेना.

पहिल्या शर्यतीत धुळीचा लोट उठला. दुसरीत एका पोराला समोरचं दिसेना, तो थेट कठड्यावर आदळला. लंगडत का होईना, उठला. पंच खाली आले. "पाच मिनिटांत धूळ बसली नाही, तर सामना बंद."

बाई ट्रॅक्टरवर बसल्या. मागच्या टाकीच्या नळाची दांडी हातात होती, पण त्यांनी ती फिरवली नाही. पुन्हा आपल्याच हातानं क्लब बुडणार, एवढंच डोक्यात.

"पेलाबाई, पाणी!"

कठड्याशी रायमुंड उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं काळा. गाव सवयीनं हसलं.

"हसताय काय गाढवांनो!" तो मागं वळून ओरडला. "बाई, थट्टा नाही हो. हात जोडतो. पाणी घाला!"

बाई खाली उतरल्या. टाच दाबली. कड भुरभुरली. मग त्यांनी नळ सोडला. एक फेरी, पुन्हा टाच. वळणांवर आणखी थोडं, पुन्हा टाच. लोक ओरडत होते, "अजून घाला!" बाईंनी नळ बंद केला.

"टाच म्हणते पुरे."

तिसरी शर्यत सुरू झाली आणि चौघंही स्वच्छ दिसले, शेवटच्या वळणापर्यंत. मग चौथी, पाचवी, साऱ्याच झाल्या. ओल्शिनेक चार गुणांनी हरलं, तरी लोक उठायला तयार नव्हते.

पांगापांग झाल्यावर रायमुंड ट्रॅक्टरपाशी आला. त्यानं आपलं पत्रक पुढं केलं. एकूण एक रकाना भरलेला.

"हरलो बघा."

"दिसतंय की."

"तुमच्याकडे एक कोरं आहे म्हणे. त्याच्याशेजारी ठेवा हे."

त्याच्या काळ्या गालांवरून दोन ओल्या रेघा खाली आल्या होत्या. बाई बघतायत हे लक्षात येताच त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"धूळ गेली डोळ्यात," तो म्हणाला.

"तिसऱ्या शर्यतीपासून धूळ उडालेली नाही, रायमुंड," पेलाबाई म्हणाल्या.