निवडून आलेला, पण न बसलेला शेरीफ

टेक्सासमध्ये आमच्या शेजारच्या घरात राहणारा माणूस एका नोव्हेंबरात काउंटीचा शेरीफ म्हणून निवडून आला. तोवर आमच्यासाठी तो पोलिसातून रिटायर झालेला, साठी उलटलेला, गुडघेदुखीवाला शेजारी होता. वादळात आमच्या दोघांमधलं कुंपण पडलं, तेव्हा त्यानं ते एकट्यानं उभं केलं होतं. त्या उपकाराखातर मी त्याच्या प्रचाराची पाटी माझ्या लॉनवर लावू दिली. 'तुरुंग सुधारणार' असं पाटीवर होतं. तुरुंगाचं काय बिघडलंय, हे मी विचारलं नाही. ग्रीन कार्डवाल्याला मत नसतं. त्याच्या लॉनला मात्र असतं.

नागपूरला आईला फोनवर ही बातमी दिली. ती म्हणाली, "शेरीफ म्हणजे मुंबईला असायचा तसा? समारंभात दिवा लावणारा?"

"नाही गं, इथला खरा असतो. काउंटीचे पोलीस त्याच्या हाताखाली, तुरुंगही त्याच्याकडे."

"मग त्याला अधूनमधून डबा देत जा," आई म्हणाली.

खरं तर जानेवारीत शपथ होईपर्यंत त्याच्या हातात काहीच नव्हतं. ऑफिस नाही, गाडी नाही, बिल्ला नाही. पाटावर आणून ठेवलेला, पण प्राणप्रतिष्ठा व्हायची असलेला गणपती जसा, तसा तो दोन महिने घरात होता. आमच्या लोकांना एवढा धीर कुठला? निकालाच्या दुसऱ्याच दिवशी मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला.

"अरे, ते तुझ्या शेजारीच राहतात ना?"

"कोण ते?"

"शेरीफसाहेब. संक्रांतीला प्रमुख पाहुणे म्हणून विचार ना."

आदल्या आठवड्यापर्यंत हेच अध्यक्ष त्याला 'तुझा तो कुंपणवाला' म्हणत. आता 'तो'चा 'ते' झाला होता. पाठोपाठ हायवेवर स्पीडिंगचं तिकीट मिळालेल्या एका काकांचा फोन आला.

"काका, त्याच्या हातात अजून काही नाही," मी म्हटलं.

"निवडून आलेत ना?"

"आलाय, पण बसला नाही."

"मग आत्ताच बोललेलं बरं. बसल्यावर कोण ओळख देतं?"

काका चाळीस वर्षं अमेरिकेत आहेत, पण लोकशाहीचा त्यांचा अभ्यास साताऱ्यात पूर्ण झालेला आहे.

अर्थात, हे आपल्याच लोकांचं आहे असं नाही. इथे नवा शेरीफ आला की जुन्या डेप्युटींना, म्हणजे हाताखालच्या पोलिसांना, पुन्हा नेमायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर असतं. त्यामुळे ज्यांनी उघडपणे जुन्या शेरीफचा प्रचार केला होता, ते एकेक करून शेजारी येऊ लागले. कोणाच्या हातात पीकन नावाच्या सुक्या मेव्याचा गोड 'पाय', कोणाच्या हातात स्वतः स्मोक केलेलं ब्रिस्केट. गस्तीच्या गाड्यांना एकाएकी आमच्या गल्लीची काळजी वाटू लागली. "आपल्या गल्लीत आता मांजरसुद्धा स्टॉप साइनला थांबतं," बायको म्हणाली. शेजाऱ्याचा फ्रीज भरला, की जास्तीचे 'पाय' आमच्याकडे येत. आमचं वजन वाढलं आणि शाकाहारी असल्यामुळे ब्रिस्केटपासून वाचलो.

मग त्यानं मला त्याच्या ट्रान्झिशन कमिटीत घेतलं. सूत्रं हातात घेण्याआधी तयारी करून देणारी ही समिती.

"तुला कशाला?" बायकोनं विचारलं.

"टेक्नॉलॉजीसाठी."

"आपला प्रिंटर तुझं ऐकत नाही."

समिती त्याच्या गराजमध्ये बसायची. एक रिटायर झालेला फुटबॉल कोच, एक पाद्री, एक पिकअप ट्रक विकणारा आणि मी. पहिल्या बैठकीत डेप्युटींच्या हॅटचा विषय निघाला. कोचला काळी हवी होती; पाद्र्याचं म्हणणं, करडी माणसाला नम्र ठेवते. दुसरी बैठकही हॅटमध्येच गेली. तिसरीत मी सुचवलं की टेक्सासच्या उन्हात फिक्या रंगाची थंड राहील. ही सूचना टेक्नॉलॉजीच्या सदरात मान्य झाली. शेजारी फोल्डिंग खुर्चीत गुडघा चोळत ऐकत असायचा. तुरुंगाचा विषय त्यानं दोनदा काढला, पण दोन्ही वेळा ट्रकवाल्याला गाड्यांवरच्या पट्ट्यांबद्दल काही सुचलं.

जुना शेरीफ हरल्यापासून फोन घेत नव्हता. डिसेंबरात एके दिवशी त्यानं स्वतःहून शेजाऱ्याला फोन केला. "तुरुंग बघायला ये. एकटा ये." तरी समिती गेलीच. कोचनं त्यासाठी नवा शर्ट घेतला होता.

जुना शेरीफ दारातच भेटला. उंच, वाकलेला, आवाज बसलेला. आमच्याकडे त्यानं एकदाच पाहिलं आणि शेजाऱ्याला घेऊन चालू लागला. आम्ही वऱ्हाडासारखे मागे.

एका कोठडीपाशी तो थांबला. आत पांढऱ्या केसांची एक बाई बाकावर बसली होती.

"ही परक्याच्या घरात शिरून त्यांच्या किचनमध्ये कॉफी करत बसली होती," तो हळू आवाजात म्हणाला. "जजनं मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात पाठवायला सांगितलंय. हॉस्पिटलात बेड नाही. उन्हाळ्यापासून ती इथे आहे."

"मी प्रचारात म्हणालो होतो..." शेजारी म्हणाला.

"तुरुंग सुधारणार. मीही तेच म्हणून निवडून आलो होतो."

बाई उठून दाराच्या काचेजवळ आली. "तुमच्यात शेरीफ कोण?" तिनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"माझा चष्मा फुटलाय," ती म्हणाली. "बायबल वाचता येत नाही."

"वर कळवलंय," सोबतचा जेलर म्हणाला. कधी कळवलंय, ते त्यानं सांगितलं नाही.

शेजाऱ्यानं खिशातून आपला चष्मा काढला. वाचायचा, इथे फार्मसीत तयार मिळतो तसला, प्लॅस्टिकचा. तो त्यानं जेलरपुढे धरला. बाहेरची वस्तू आत द्यायची नसते, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. जेलरनं जुन्या साहेबाकडे पाहिलं; जुना साहेब भिंतीकडे बघत होता. मग जेलरनं नव्याकडे पाहिलं आणि जेवण आत सरकवायची फट उघडली. दोन महिन्यांत मी पाहिलेली सत्तांतराची खरी घटना तेवढी एकच.

बाईनं चष्मा लावला, आमच्याकडे नीट पाहिलं आणि जाऊन बसली.

पार्किंगमध्ये कोच म्हणाला, "त्यांच्या हॅट्स पाहिल्यास? किती मळलेल्या."

"समितीचं काम झालं," शेजारी म्हणाला. "सगळ्यांचे आभार."

"राग आला का?" कोचनं विचारलं.

"नाही. मला चष्मा घ्यायला जायचंय."

त्यानंतर शपथ होईपर्यंत तो रोज सकाळी तुरुंगात जायचा. जुना शेरीफ आणि तो कॉफी घेऊन बसत. मी कुंपणाशी विचारलं, "जमतंय का दोघांचं?"

"तो मला रोज एक गोष्ट समजावून सांगतो," तो म्हणाला. "आणि ती नेमकी मी भाषणात उलटी सांगितलेली असते."

शपथविधीला आमचं मंडळ पैठण्या नेसून हजर होतं. फोटोंसाठी इतकी गर्दी झाली की खुद्द त्याच्या बायकोला मागे उभं राहावं लागलं. काकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, पण तिकिटाचा विषय कसा काढावा हे सुचेपर्यंत रांग पुढे सरकली.

संक्रांतीला तो आला. त्याला शाल आणि नारळ दिला. नारळ हातात तोलत त्यानं मला हळूच विचारलं, "हा पुरावा आहे का?" भाषण त्यानं अगदी छोटं केलं. तुरुंगात मनानं आजारी असलेली माणसं हॉस्पिटलची वाट बघत पडून आहेत, इथे बरेच डॉक्टर आहेत असं ऐकलं, कोणी महिन्यातून काही तास देऊ शकेल का, एवढंच. हॉलमध्ये निम्मे डॉक्टर. टाळ्या फार मोठ्या झाल्या आणि मग सगळे गुळपोळीच्या रांगेत गेले.

पहिल्या रांगेतल्या एक काकू मात्र उठल्या नाहीत. पुण्यात आणि मग इथे सायकायट्रिस्ट म्हणून काम करून रिटायर झालेल्या; लायसन्स अजून चालू होतं.

"मला फ्रीवेवर ड्राइव्ह करायला भीती वाटते," त्या मला म्हणाल्या. "तू सोडशील का?"

फेब्रुवारीपासून एक शनिवार सोडून मी त्यांना तुरुंगात नेतो आणि बाहेर गाडीत बसून राहतो. चष्म्याच्या त्या बाईला काकू चार-पाचदा भेटल्या. मग तिला हॉस्पिटलात बेड मिळाला. तिचं पुढे काय झालं, ते शेरीफलाही ठाऊक नाही. त्या हॉस्पिटलातून तसं कळवत नाहीत.

एकदा परतताना मी काकूंना विचारलं, "आज कसं होतं?"

"एक मुलगा आहे, बावीसचा असेल. आज पहिल्यांदा बोलला," त्या म्हणाल्या. मग पर्समधून शेंगदाण्याची पुडी काढून माझ्यापुढे धरली, आणि आम्ही खात खात घरी आलो.